मोडक्या जोडाक्षराची कुळकथा

संस्थेच्या शंभर वर्षांच्या वाटचालीविषयी या ग्रंथात अधिकारी व्यक्तींनी लिहिलेले आहेच. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वाटचालीच्या कडेचा आहे. तथापि अगदीच परका नाही. ग्रंथालयाचे सारे वैभव ज्या एका वस्तूवर उभे असते ती वस्तू म्हणजे छापलेले अक्षर, आणि या अक्षराला अलीकडच्या काळात एक चमत्कारिक व्याधी जडलेली आपण पाहतो. निमंत्रणपत्रिका, सभागृहावरचे फलक, पुस्तकांची मुखपृष्ठे आता चित्रसंपादनाच्या संगणकीय आज्ञावलीत तयार होतात. त्यांत ‘वाचनालय’ हा शब्द धडधाकट उमटतो आणि ‘ग्रंथालय’ मात्र मोडून पडतो. ‘कार्यकारिणी’ या शब्दाची तर शोभाच होते. ‘य’च्या माथ्यावरचा रफार खाली उतरतो आणि पाय मोडलेला ‘र’ होऊन शेजारी उभा राहतो. पुढच्या ‘र’ची ऱ्हस्व वेलांटी त्याच्या मागे जाऊन ‘ण’ला चिकटते, मग त्या बिचाऱ्या ‘ण’वर डावीकडून ऱ्हस्व आणि उजवीकडून दीर्घ अशा दोन वेलांट्या चढतात.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, संगणकाला मराठी येत नाही. दुसरी, आपली लिपीच अवघड, तिला कोण काय करणार! माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दुसरी अधिक घातक आहे. कारण ती नवी नाही. यंत्राला अक्षर जमले नाही की दोष अक्षराच्या माथी मारण्याची रीत देवनागरी छपाईच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळते. म्हणून व्याधीच्या उपचाराकडे जाण्यापूर्वी तिची कुळकथा पाहणे इष्ट होईल.

मराठी छपाईचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला, ही गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना सुखावणारी आहे. १७७८ मध्ये हुगळी येथे हॅल्हेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याचे खिळे चार्ल्स विल्किन्सच्या देखरेखीखाली तयार झाले आणि त्या कामात पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर होता. हाच पंचानन पुढे श्रीरामपूरच्या मिशनच्या छापखान्यात गेला आणि तेथे त्याने देवनागरी ठसे कोरले. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथूनच निघाले. १८१० चा त्याचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत आहे. इकडे दक्षिणेत तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यातही एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तके छापली जात होती.

रोमन लिपीच्या खिळ्यांचा संच आटोपशीर असतो. देवनागरीचे तसे नाही. व्यंजन, त्याचे अर्धे रूप, वर जाणारी मात्रा, खाली लोंबणारा उकार, मागे-पुढे बसणारी वेलांटी, माथ्यावरचा रफार आणि शिवाय ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ट्ट’ यांसारखी स्वतंत्र वळणाची जोडाक्षरे, या सर्वांसाठी खिळे लागतात. ते कसे पाडावेत याविषयी निरनिराळ्या पद्धती होत्या. कोठे अक्षर मात्रेसह अखंड ओतीत, कोठे मात्रा स्वतंत्र ओतून अक्षरावर बसवीत. परंतु कोणतीही पद्धत घेतली तरी खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई आणि जुळाऱ्यापुढील पेट्या एका हाताच्या टप्प्यात मावत नसत.

मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी यातून प्रथम वेगळीच वाट काढली. त्यांनी शिळाछापाचा छापखाना घातला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले. शिळाछापात खिळा नसतो. सुंदर हस्ताक्षराचा लेखक मजकूर लिहितो आणि त्या लिखाणाचे जणू चित्रच दगडावर उतरते. जोडाक्षर कसेही असो, लिहिणाऱ्याच्या हाताला जे जमते ते दगडालाही जमते. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळेही पाडले. या दोन वाटा वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात: अक्षर चित्र म्हणून छापणे आणि अक्षर सुटे तुकडे जुळवून छापणे. आजच्या चित्रसंपादनाच्या आज्ञावलीत मजकूर लिहिण्याचे जे साधन असते, त्यात या दोन्ही वाटा येऊन मिळतात, आणि आपली व्याधी नेमकी त्या सांध्यावर आहे.

खिळ्यांची वाट राजमार्ग झाली ती जावजी दादाजी यांच्यामुळे. त्यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कलावंत त्यांना लाभला. निर्णयसागरी वळणाने मराठी आणि संस्कृत वाचकांच्या डोळ्यांना जी सवय लावली ती अद्याप सुटलेली नाही. आपले ग्रंथालय स्थापन झाले त्या काळी छापील मराठी म्हणजे खिळ्यांचेच मराठी होते. आपल्या संग्रहातील जुन्या पुस्तकांच्या पानावरून बोट फिरवले तर दाबाचा खळगा आजही हाताला जाणवतो.

खिळे जुळवणाऱ्याच्या कामातील एक बारकावा येथे सांगितला पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. ‘कि’ हे अक्षर आपण उच्चारतो तेव्हा आधी ‘क्’ येतो, मग ‘इ’. जुळारी मात्र वेलांटी आधी उचलतो आणि ‘क’ नंतर. ‘कार्य’ या शब्दात उच्चाराने ‘र’ आधी आणि ‘य’ नंतर. जुळवताना मात्र ‘य’ येतो आणि ‘र’ त्याच्या डोक्यावर. म्हणजे उच्चाराचा क्रम आणि दिसण्याचा क्रम देवनागरीत ठिकठिकाणी वेगळे पडतात. या दोन क्रमांमधील भाषांतर जुळारी मनातल्या मनात करीत असे. त्याची कोणी दखल घेतली नाही, कारण ते कधी चुकत नसे.

विसाव्या शतकात टंकलेखनयंत्र आले, एका दमात ओळ जुळवून ओतणारी लायनोटाइपसारखी यंत्रे आली आणि मर्यादित कळांवर देवनागरी बसवण्याची वेळ आली. हरि गोविंद गोविल यांनी लायनोटाइपसाठी देवनागरीची मांडणी केली ती १९३० च्या दशकात. खिळ्यांची संख्या घटवण्याचा विचार त्याआधी लोकमान्य टिळकांनीही केला होता. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’चीच बाराखडी सुचवली, आणि ती पद्धत काही नियतकालिकांनी प्रत्यक्ष वापरलीही. १९५३ मध्ये लखनौ येथे लिपिसुधारणेची परिषद भरली. तिने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, थोडी आखूड करून लिहावी असे ठरवले. काही वर्षांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला, कारण लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही. आज मोडलेल्या फलकावर वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली पाहून आपण हसतो. एके काळी विद्वानांच्या परिषदेने जवळजवळ तेच रूप प्रमाण मानले होते! या सुधारकांचा हेतू थोर होता यात शंका नाही. परंतु यंत्र दहा-वीस वर्षांत बदलते, लिपी शतके टिकते. तेव्हा कोणी कोणाशी जुळवून घ्यावे, हा प्रश्न त्यांनी उलटा सोडवला असे मला वाटते.

संगणकाने हा प्रश्न प्रथमच सुलटा सोडवला, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय भारतीय अभ्यासकांकडे जाते. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे काम झाले ते पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत विकसित झाले. त्यातून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली सिद्ध झाली व १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामागची कल्पना सोपी आणि मोठी होती. संगणकाने मजकूर साठवताना केवळ उच्चाराचा क्रम साठवावा. ‘कार्य’ म्हणजे क, काना, र, पाय मोडण्याची खूण, य, एवढेच. तो दिसावा कसा, रफार कोठे चढावा, वेलांटी कोठे बसावी, हे दाखवण्याच्या वेळी ठरवावे. म्हणजे जुळाऱ्याच्या मनातील ते अदृश्य भाषांतर आता यंत्राने करावयाचे. १९९१ मध्येच युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधारेच झाली.

तथापि छापखान्यांना इतका धीर नव्हता. १९९० च्या दशकात डीटीपीची लाट आली. तिने दुसराच, झटपट मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांसाठी टंकात, म्हणजे फाँटात, ज्या जागा असतात त्या जागी देवनागरीचे सुटे आकार बसवले: एका जागी काना, दुसरीत अर्धा ‘स’, तिसरीत रफार. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच हाताळतो आहोत; माणसाला दिसे मराठी. जुन्या पेटीतील खिळेच जणू इंग्रजी खुर्च्यांवर नेऊन बसवले. चित्रसंपादनाच्या आज्ञावलीतही हे टंक बिनतक्रार चालत, कारण त्यांना जुळणीची गरजच नव्हती. आजही अनेक कलाकार याच टंकांना चिकटून आहेत ते यासाठी. पण या सोयीची किंमत जबर आहे. तो टंक हरवला किंवा दुसऱ्या कंपनीचा घातला की मजकूर क्षणात निरर्थक इंग्रजी चिन्हांची रास होतो. त्यात शब्द शोधता येत नाही, वर्णानुक्रम लावता येत नाही. ज्या ग्रंथालयांनी आपल्या सूची अशा टंकांत भरल्या त्यांची स्थिती कुलूप शाबूत आणि किल्ली गहाळ अशी झाली आहे. अशा सूचीचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र मूळ टंक कोणता होता हे सांगणारा माणूस हयात आणि हाताशी असेतोवर ते करून घेतलेले बरे.

युनिकोडने मजकूर सुरक्षित केला. परंतु त्यात आकारांची गुंतागुंत नसल्याने ती टंकाच्या आणि जुळणी करणाऱ्या यंत्रणेच्या पदरी आली. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओपनटाइप नावाची टंकरचना पुढे आणली. तिच्यात जोडाक्षरांचे नियम टंकाच्या पोटातच लिहिलेले असतात. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा अशा प्रकारचा पहिला सर्वत्र पोहोचलेला देवनागरी टंक. तो रेखाटला र. कृ. जोशी यांनी. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले हे कवी-सुलेखनकार २००८ मध्ये निवर्तले. कोट्यवधी लोकांनी त्यांचे अक्षर वाचले, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. असो.

टंकात नियम लिहिलेले असून भागत नाही. ते वाचून अमलात आणणारा जुळारी आज्ञावलीत असावा लागतो. विंडोजने असा एक जुळारी ठेवला होता, आणि साधी पत्रलेखनाची आज्ञावली त्याच्याकडून काम करवून घेई. विंडोज एक्सपीतही तो असे, पण आपणहून हजर नसे. भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे. फोटोशॉपची गोष्ट निराळी. १९९० मध्ये ही आज्ञावली आली ती छायाचित्रांसाठी. प्रारंभीच्या आवृत्त्यांत लिहिलेला मजकूर लगेच ठिपक्यांचे चित्र होऊन जाई, शिळाछापाप्रमाणे. नंतर एक अक्षरही सुधारता येत नसे. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासून मजकूर मजकूरच राहू लागला. परंतु त्याची जुळणी फोटोशॉप स्वतःच्या जुळाऱ्याकडून करी, विंडोजच्या नव्हे. आणि त्या जुळाऱ्याला रोमन लिपी उत्तम येई, पूर्व आशियाच्या लिप्या येत, देवनागरीचे नियम मात्र ठाऊक नसत. म्हणूनच एकच वाक्य, एकाच टंकात, पत्राच्या खिडकीत शुद्ध आणि चित्राच्या खिडकीत मोडके दिसे. पुष्कळांना हे भूतचेष्टेसारखे वाटले, पण कारण एवढेच.

२०१३ पासूनच्या ‘सीसी’ मालिकेत देवनागरी जाणणारा जुळारी फोटोशॉपमध्ये आला खरा. पण तो झोपलेला असे. त्याला जागे करण्याची रीत अशी. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या पानावर ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडावा, आज्ञावली बंद करून पुन्हा उघडावी. एवढ्यावर थांबू नये. आधी लिहिलेला मजकूर जुन्याच जुळाऱ्याच्या ताब्यात राहतो. म्हणून तो निवडून परिच्छेदाच्या पट्टीतील ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय लावावा. शेजारच्या यादीत दिसणारा टंकही युनिकोडचाच असावा. अलीकडच्या आवृत्त्यांत ही निवड बहुधा करावी लागत नाही. जुन्या फायली उघडताना मात्र पाहून घ्यावे. गिंप ही विनामूल्य आज्ञावली ‘हार्फबझ’ नावाच्या मुक्त जुळणीयंत्रणेवर चालते आणि तिला देवनागरी सहज जमते. फार जुन्या फोटोशॉपवर काम करणारे लोक मजकूर दुसरीकडे जुळवून त्याचे चित्र आणून चिकटवतात. उपाय चालतो, पण मुद्रितशोधकाने चूक दाखवली की सारे पुन्हा करावे लागते, आणि त्या कंटाळ्यापायी चुका तशाच छापल्या जातात.

प्रत्येक मोडतोड एकाच कारणाची नसते, हे पारखता आले पाहिजे. अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसली तर जुळारी निर्दोष आहे. टंकात ते अक्षरच नाही. जुन्या टंकांत ‘ॲ’ची अशीच चौकट होते, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. आश्रयदात्यांच्या यादीत वकीलमंडळी पुष्कळ असल्याने ‘ॲड.’ हा शब्द आधी तपासावा! वेलांटीच्या पोटात ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर ती अक्षराआधी टंकलेली आहे. टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्यांची ही सवय. युनिकोडमध्ये वेलांटी उच्चाराप्रमाणे अक्षरानंतरच द्यावयाची. शिरोरेषा तुटून अक्षरे सुटी झाली असतील तर कोणीतरी अक्षरांमधील अंतर वाढवलेले आहे. इंग्रजी मथळ्याला शोभणारी ही युक्ती देवनागरीत शब्दाची माळ तोडते. ते अंतर शून्यावर आणावे. रफार, अनुस्वार वरच्या ओळीत घुसत असतील तर ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेले असते, ते सैल करावे. आणि परिच्छेदाचा शेवटच गायब असेल तर मजकुराची चौकट लहान पडली आहे, ती खाली ओढावी.

इंदुरात राहणाऱ्या आपणांसाठी आणखी एक बाब आहे, आणि ती मला या सर्वांहून नाजूक वाटते. येथील कलाकार बहुधा हिंदीभाषक असतात आणि त्यांच्या संग्रहातील टंक हिंदी वळणाचे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही या वळणांचा आग्रह धरलेला आहे. काही चांगल्या टंकांत दोन्ही वळणे असतात. आज्ञावलीत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी वळण उमटते, ‘हिंदी’ राहिली की दुसरे. येथे काही मोडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी अक्षर मराठीपणाने दिसण्याचे थांबते, एवढेच होते.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्या बाबतीत तर अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरांतल्या. ‘आचार्यास’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यास’ स्वयंपाक सांगायचा. हिंदीला या रूपाची गरज नसल्याने तेथील टंकलेखक सरसकट रफार देतात. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ स्वतंत्र आहे. त्याचा पाय मोडून पुढे ‘य’ वा ‘ह’ दिला की अपेक्षित रूप जुळते. शताब्दीच्या पत्रिकेत एखाद्या आचार्यांची पाहुणे म्हणून योजना असेल तर हा भेद छापण्यापूर्वीच पाहिलेला बरा.

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला एक विनंती आहे. यापुढे कोणतीही पत्रिका, फलक अथवा मुखपृष्ठ करावयास देताना मजकूर युनिकोडमध्ये टंकून द्यावा आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. चित्राची फाइल मजकूर जिवंत असलेल्या रूपात मागून घ्यावी, नुसते ठिपक्यांचे चित्र नको. कलाकाराने काम हाती घेण्यापूर्वी निवडलेल्या टंकात त्याच्याकडून सात शब्द लिहवून घ्यावेत: कार्यकारिणी, ग्रंथालय, विठ्ठल, लक्ष्मी, दऱ्या, ॲड. आणि शताब्दी. ते कागदावर छापून आणावयास सांगावे, आणि चष्मा लावून पाहावे.